एकट्या आमदाराची जागल

"एक आमदार निवडून आणून काय फायदा बावा? सरकार तं त्यायचं बनत नाई."

निवडणूक आली की आमच्याकडच्या पानठेल्यावर हे ऐकू येतंच. त्यामागचा हिशोबही चुकीचा नाही. विधानसभेत २८८ जागा, त्यातल्या विदर्भाच्या ६२, आणि सरकार बनवायला लागतात १४५. ज्या पक्षाचे एक किंवा दोन आमदार आहेत, तो सरकार बनवत नाही, पाडत नाही, एखादं विधेयकही अडवू शकत नाही. मग त्याला दिलेलं मत वाया गेलं, असं लोक धरून चालतात.

हा हिशोब विधानसभेच्या अर्ध्याच कामाचा आहे. सभागृहाची कामं दोन. एक, सरकार निवडणं आणि कायदे, बजेट मंजूर करणं. दुसरं, त्या सरकारकडून हिशोब घेणं. पहिल्या कामाला डोकी मोजावी लागतात. दुसऱ्या कामाला बहुतेक वेळा एक माणूस पुरतो. प्रश्न विचारायला १४५ जण लागत नाहीत.

तूर-कपाशीच्या वावरात रात्री जागल करणाऱ्या माणसाचंच घ्या ना. तो काही रानडुकरं मारत नाही. त्याच्याजवळ असतो एक डबा, एक टॉर्च आणि खणखणीत आवाज. पण कुणीतरी जागं आहे एवढं कळलं, तरी कळप धुऱ्यावरूनच वळतो. विरोधातल्या छोट्या पक्षाचं काम साधारण असंच.

यावर कुणी म्हणेल, मोठा विरोधी पक्ष आहे की, त्यालाच करू द्या जागल. आता आधी आकडे बघू. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या दहा टक्के जागा लागतात असा संकेत आहे. २८८चे दहा टक्के म्हणजे २९. नोव्हेंबर २०२४च्या निकालात विरोधातल्या कुणालाच तेवढ्या मिळाल्या नाहीत. ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. पुढच्या अधिवेशनांत विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामीच राहिली. लोकसभेतही २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं हे पद कुणाकडे नव्हतं, कारण काँग्रेस आधी ४४ वर आणि मग ५२ वर अडकली होती. म्हणजे आज महाराष्ट्रात विरोधातला जवळपास प्रत्येक पक्ष छोट्या पक्षासारखाच उभा आहे. जी हत्यारं शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) किंवा माकपचा (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) एकुलता आमदार वर्षानुवर्षं वापरत आला, तीच आता बाकीच्यांनाही वापरावी लागणार.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती समजायला भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात यावं लागतं.

वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प १९८३ साली मंजूर झाला तेव्हा त्याचा खर्च होता ३७२ कोटी रुपये. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. अडीच लाख हेक्टर भिजणार असं सांगितलं गेलं. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्च अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला, आणि चाळीस वर्षं उलटूनही कालव्यांची, वितरिकांची कामं मागे रेंगाळली.

या चाळीस वर्षांत राज्य कुणाचं होतं ते बघा. आधी काँग्रेसचं. १९९५ला शिवसेना-भाजप युतीचं. १९९९पासून पंधरा वर्षं काँग्रेस-राष्ट्रवादीचं. २०१४ला परत युती. २०१९ला महाविकास आघाडी. २०२२नंतर महायुती. यातला कुणीही उठून गोसीखुर्दवर बोलला, की समोरच्या बाकावरून एकच उत्तर तयार असतं: तुमच्या काळात काय झालं ते सांगा! मग दोघंही आपापल्या काळाचे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकतात, गोंधळ होतो, कामकाज तहकूब, आणि लाखांदुरातल्या माणसाच्या बांधीत पाणी येत नाही ते नाहीच.

ज्या पक्षाने कधी जलसंपदा खातं सांभाळलं नाही, कधी निविदा काढली नाही, त्याच्या तोंडावर हे उत्तर फेकता येत नाही. मोठा विरोधी पक्ष हा उद्याचं सरकार असतो. आज जो प्रश्न तो जोरात विचारेल, तोच पाच वर्षांनी त्याच्याच मानेवर बसू शकतो. म्हणून काही विषयांवर तो आवाज चढवतो पण खोलात जात नाही. कंत्राटदार, साखर कारखाने, शिक्षण संस्था, जिल्हा बँका यांच्या भानगडींत दोन्हीकडची माणसं असतात, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. छोटा पक्ष या साखळीच्या बाहेर असतो. निदान तोवर, जोवर त्याला कुणी आत ओढत नाही.

आता तो एकटा माणूस करतो काय, ते बघू.

सगळ्यात साधं आणि सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित असेल तर उत्तर फक्त लेखी मिळतं. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न घेतात आणि कुणाचे घ्यायचे हे चिठ्ठ्या काढून ठरतं. चिठ्ठीला पक्ष कळत नाही. दोनशे-तीनशे खासदारांचा पक्ष असो की एकाचा, नशीब सारखंच.

विधानमंडळातल्या प्रश्नाची भाषा एकदा वाचून बघण्यासारखी आहे. नमुना असा असतो:

"(१) अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, सदर पद किती कालावधीपासून रिक्त आहे? (३) ते भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

आणि उत्तर येतं: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही."

वाचून माणूस चिडतो. दोन वर्षं डॉक्टर नाही आणि म्हणे प्रश्न उद्भवत नाही! पण या कोरड्या ओळीत पकडण्यासारखं बरंच असतं. "अंशतः खरे आहे" याचा अर्थ सरकारने कबूल केलं. "हे खरे नाही" असं छापून आलं आणि तुमच्याजवळ रिकाम्या खुर्चीचा, बंद दाराचा तारखेसकट पुरावा असेल, तर सभागृहाची दिशाभूल झाली म्हणून मंत्र्याला धारेवर धरता येतं, प्रकरण हक्कभंगापर्यंतही नेता येतं. म्हणून खालचा अधिकारी उत्तर लिहिताना दहा वेळा विचार करतो.

प्रश्नाचा खरा परिणाम मुंबईत किंवा नागपुरात दिसत नाही, तो तालुक्याच्या कचेरीत दिसतो. प्रश्न विधानभवनातून खात्याकडे जातो, खात्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि तिथून थेट तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकापर्यंत उतरतो. कागदावर मोठ्या अक्षरात "विधानसभा तारांकित प्रश्न, अतितातडीचे" असं लिहिलेलं. एरवी जो बाबू "सायेब दौऱ्यावर हायेत, सोमवारी या" असं सांगून शेतकऱ्याला वाटेला लावतो, तोच त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच ठेवून रजिस्टरं काढत बसलेला दिसतो.

"काहून बावा, आज लय धावपळ?"

"एलएक्यू आला ना. संध्याकाळपर्यंत माहिती पायजे म्हणते कलेक्टर ऑफिस."

एलएक्यू म्हणजे विधानसभेत आलेला प्रश्न. कचेरीत त्याला हेच नाव. ज्या फायलीवर वर्षभर धूळ होती ती त्या दिवशी टेबलावर येते. कित्येकदा सभागृहात उत्तर वाचलं जाण्याच्या आधीच पांदण रस्त्याच्या मोजणीला माणूस पोहोचतो, की उत्तरात "मोजणी करण्यात आली आहे" असं लिहिता यावं. मी याला लबाडी म्हणत नाही. मोजणी झाली ना? बास झालं.

पण हे सगळं प्रश्न कसा विचारला त्यावर आहे. "जिल्ह्यातील रस्त्यांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?" असा मोघम प्रश्न विचारणारे आमदार पुष्कळ. त्याला उत्तरही मोघमच मिळतं. रस्त्याचं नाव, कामाचा आदेश कोणत्या तारखेचा, किती रक्कम उचलली, किती किलोमीटर झालं, असं विचारलं की पळवाट उरत नाही. छोट्या पक्षाला सभागृहात बोलायला वेळ कमी मिळतो, कारण चर्चेचा वेळ पक्षाच्या आकड्यावर वाटतात. मोठ्या पक्षाच्या नेत्याला तासभर मिळाला तर एकट्याला चार-पाच मिनिटं. त्यामुळे त्याला भाषण करून चालत नाही. नेमकंच बोलावं लागतं.

आमच्या विदर्भाला मात्र गाजवणारे नेते जास्त लक्षात राहतात, हेही खरं. फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे यांची १९६४ साली सभागृहातल्या वर्तनावरून आमदारकी गेली. सभागृहात पेपरवेट भिरकावल्याचा तो किस्सा यवतमाळकडे अजून रंगवून सांगतात. १९७१च्या इंदिरा लाटेत हाच माणूस नागपुरातून लोकसभेवर निवडून आला. छोट्या पक्षांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अमरावतीने १९८९ला भाकपचे सुदामकाका देशमुख दिल्लीला पाठवले, वर्ध्याने १९९१ला माकपचे रामचंद्र घंगारे. राजुऱ्यातून शेतकरी संघटनेच्या बळावर वामनराव चटप विधानसभेत गेले. चंद्रपूरचे रिपब्लिकन नेते बॅरिस्टर खोब्रागडे तर राज्यसभेचे उपसभापती होते. हे किस्से सांगताना आपण त्यांचा दरारा सांगतो, त्यांनी कोणते प्रश्न विचारले ते मात्र कुणाला आठवत नाही.

एका माणसाने नेमकं विचारलं तर काय होतं याचं देशपातळीवरचं उदाहरण १९६३चं. लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव त्या ऑगस्टमध्ये आला. बाजूने ६२ मतं, विरोधात ३४७. नेहरूंच्या सरकारला खरचटलंही नाही. पण त्याच चर्चेत, काही महिन्यांपूर्वीच पोटनिवडणुकीतून आलेल्या राममनोहर लोहियांनी एक आकडा मांडला: देशातली सत्तावीस कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकार म्हणत होतं पंधरा आणे. ठराव पडला, पण गरिबी मोजायची कशी यावर सगळा देश बोलायला लागला. त्या ठरावाची मतमोजणी आज कुणाला आठवत नाही, "तीन आणे" मात्र आठवतात.

दुसरं हत्यार फारसं कुणाला माहीत नसतं. आश्वासन समिती. मंत्री सभागृहात उभा राहून "तपासून पाहू", "माहिती घेतो", "विचाराधीन आहे" असं म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, टाळलं बुवा याने. पण संसदीय कामात असली वाक्यं आश्वासन म्हणून नोंदवतात. लोकसभेत ती साधारण तीन महिन्यांत पूर्ण व्हावीत अशी अपेक्षा असते. नाही झाली तर समिती खात्याच्या सचिवाला बोलावून विचारते. आपल्या विधानमंडळातही अशी समिती आहे. घोषणा मोठी असते, पाठपुरावा कंटाळवाणा असतो, आणि कंटाळवाणं काम करायला छोटा पक्ष बरा, कारण त्याच्याजवळ दुसरं गाजण्यासारखं काही नसतं.

बोंडअळीचं वर्ष आठवा. २०१७च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने कपाशी पोखरली. बोंड फोडलं की आत अळी आणि किडका कापूस. त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कृषिमंत्री पांडुरंग फुंडकरांनी मदत जाहीर केली: कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. पेपरात मोठे मथळे आले. आता तो आकडा सुटा करून बघा. कोरडवाहूच्या ३०,८०० मध्ये आपत्ती मदतीचे होते फक्त ६,८००. पीक विम्याचे ८,००० धरले होते. आणि १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून येणार होते. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम सरकारच्या खिशातली नव्हतीच. कंपन्यांनी आपला वाटा मुकाट्याने मान्य केला नाही, सुनावण्या आणि कोर्टकचेऱ्यांत तो पैसा अडकला. ज्याने विमा काढला नव्हता त्याचे आठ हजारही गेले. शेतकऱ्याच्या खात्यात आली ती मुख्यतः पहिली, लहान रक्कम, तीही हप्त्याहप्त्याने.

अशा वेळी सभागृहात "शेतकऱ्यांची फसवणूक झाली हो!" असं ओरडणारे पाचपन्नास असतात. "३०,८०० पैकी प्रत्येक वाट्याचे किती रुपये, किती शेतकऱ्यांना, कोणत्या तारखेला दिले?" असं दर अधिवेशनात विचारत राहणारा एखादाच. सरकारला जड जातो तो दुसरा.

बाकीची साधनं थोडक्यात. लक्षवेधी सूचना देऊन तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करायला लावता येतं. बजेटात एखाद्या खात्याच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे त्या खात्याची रक्कम कमी करा अशी सूचना, देता येते. लोकसभेतली सांकेतिक कपात अवघी शंभर रुपयांची असते, ती मंजूर होणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण तेवढ्या निमित्ताने त्या खात्याची चामडी सोलता येते. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडता येतं. संसदेत स्वातंत्र्यापासून अशी फक्त चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली, त्यामुळे त्यावर फार आशा ठेवू नये. आणि राज्यघटनेच्या कलम १९४ने दिलेलं संरक्षण: आमदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याला कोर्टात खेचता येत नाही. ज्या पक्षाजवळ वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याला हे फार मोलाचं आहे. गावातला कार्यकर्ता ज्या कंत्राटदाराचं नाव चावडीवर घ्यायला घाबरतो, ते नाव तिथे घेता येतं.

लोकलेखा समितीबद्दल थोडं सांगावं लागेल. कॅग, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणारी यंत्रणा, तिचे अहवाल या समितीकडे जातात. संसदेत १९६७पासून समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची पद्धत पडली, आणि पहिले विरोधी अध्यक्ष होते स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. समितीच्या जागा पक्षाच्या ताकदीप्रमाणे भरतात, म्हणून एकट्या आमदाराचा नंबर तिथे सहसा लागत नाही. पण अहवाल तर सगळ्यांसाठी असतो. आपल्याकडे तो बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, जेव्हा आमदारांच्या गाड्या निघायच्या तयारीत असतात. योगायोग म्हणा पाहिजे तर. ज्याला तीनशे पानं वाचायचा धीर आहे, त्याला पुढच्या अधिवेशनाचे दहा प्रश्न तिथे आयते मिळतात.

इतकं सगळं हातात असून छोटे पक्ष फिके का पडतात? काही कारणं सरळ आहेत. एकटा माणूस आजारी पडला किंवा मतदारसंघात लग्नाला अडकला, तर त्या दिवशी त्याचा पक्ष सभागृहात नाहीच. अविश्वास ठराव किंवा स्थगन प्रस्तावाला लोकसभेत पन्नास जणांचा पाठिंबा लागतो, तिथे दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं. अभ्यासाला माणसं ठेवायला पैसा नसतो.

मोठं कारण मात्र मोह. राज्यसभा किंवा विधान परिषदेची निवडणूक लागली की एका मताला जो भाव येतो, त्या आठवड्यात छोट्या पक्षाच्या आमदाराला हॉटेलात ठेवतात, सांभाळतात, त्याच्या मतदारसंघातल्या कामांच्या फायली एकदम चालायला लागतात. १९९५ला युतीला बहुमतासाठी अपक्ष लागले आणि त्यातल्या कित्येकांना लाल दिवा मिळाला. २०१९ला प्रहार या छोट्या पक्षाचे दोन आमदार होते, अचलपूरचे बच्चू कडू राज्यमंत्री झाले. यात गैर काय, असं मतदार विचारतो, आणि त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. त्याला रस्ता पाहिजे, पूल पाहिजे, सत्तेत असल्याशिवाय निधी येत नाही हा त्याचा अनुभव आहे. पण मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. आत गेलेला माणूस आपल्याच सरकारला तारांकित प्रश्न विचारू शकत नाही. एक रस्ता मिळतो आणि विचारणारा कमी होतो. माझं मत विचाराल तर सौदा महागात पडतो, पण ज्याच्या गावाला पावसाळ्यात बैलबंडीही जात नाही त्याला हे मी तोंडावर सांगू शकणार नाही.

पक्षांतरबंदी कायद्याचंही एक विचित्र गणित आहे. पक्ष विलीन करायचा तर विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. साठ आमदारांच्या पक्षात चाळीस जमवावे लागतात. ज्याचा आमदारच एक, तिथे तो एकटाच पूर्ण विधिमंडळ पक्ष. त्याला कुणाला जमवायचीच गरज नाही.

मग अशा आमदाराला जागं कोण ठेवणार? १९५३च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं, म्हणून डिसेंबरात सरकार आपल्या दाराशी येतं. आपण तिथे मोर्चे घेऊन जातो. जायलाच पाहिजे. १९९४ला अशाच अधिवेशनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले, ते विदर्भ विसरलेला नाही. पण मोर्चातल्या निवेदनावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी" एवढाच शेरा पडतो. तीच मागणी प्रश्न होऊन आत गेली तर तिला क्रमांक मिळतो, खात्याचं नाव लागतं, उत्तर छापून येतं.

आणि प्रश्नाची माहिती आमदाराला आकाशातून मिळत नाही. एकट्या आमदाराकडे ना संशोधन विभाग, ना जिल्ह्याजिल्ह्यात पगारी माणसं. त्याची माहिती म्हणजे तुम्ही. फक्त "सायेब, आमच्याकडे लय भ्रष्टाचार आहे" असं सांगून त्याला काही करता येत नाही. माहिती अधिकारात काढलेली कामाच्या आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेचं पान, तारीख दिसणारा फोटो, धान खरेदी केंद्रावरची पावती, असं काहीतरी हातात द्यावं लागतं. आणि वेळेवर. अधिवेशन डिसेंबरात असलं तरी प्रश्न कित्येक दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून नागपूरच्या थंडीत कागद घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. दिवाळीच्या आसपासच द्या. तो आमदार तुमच्या मतदारसंघाचाच पाहिजे असंही नाही. डहाणूचे विनोद निकोले, माकपचे एकमेव आमदार, यांना गडचिरोलीच्या वनहक्क दाव्यांबद्दल विचारायला कुठलाच नियम आडवा येत नाही. उत्तर आलं की विधानमंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, छापा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा, आणि "कार्यवाही सुरू आहे" असं लिहिलं असेल तर तारीख घालून पुढच्या अधिवेशनासाठी दुसरा कागद तयार करा.